रस की रसाभास?

तर्कशास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात असे सांगितलेले असते की, वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता व सन्निधी या तीन गोष्टी लागतात. ‘अग्नीने शिंपडतो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तृतीया विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर. परंतु अग्नीच्या अंगी शिंपडण्याची योग्यता नसल्यामुळे त्यातून अर्थ म्हणून काही निष्पन्न होत नाही. हे उदाहरण आम्ही पुष्कळ वर्षे मुलांना गंमत म्हणून सांगत आलो. तेच उदाहरण दूरच्या कोरिया देशातील एका मालिकेच्या नावात दबा धरून बसलेले असेल, ही कल्पना मात्र आम्हांस कधी शिवली नव्हती.

त्या मालिकेचे नाव ‘सिमँटिक एरर’. संगणकास दिलेली आज्ञा व्याकरणाने शुद्ध, पण अर्थाने फसलेली असली म्हणजे त्या दोषास हे नाव देतात, असे आमच्या नातीने सांगितले. ही मालिका २०२२ सालची. भाग अवघे आठ, आणि एकेक भाग सुमारे एका घटकेचा. मूळ कथा जोसुरी या नावाने प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची. चू सांग-वू हा विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणारा, नियमाच्या बाहेर पाऊल न टाकणारा मुलगा. वर्गात गटाने मिळून करावयाच्या कामात इतरांनी काडीइतकी मदत केली नाही, म्हणून याने त्यांची नावे सरळ गाळून टाकली. त्यामुळे जांग जे-यंग नावाच्या, चित्रकला व आरेखन शिकणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची पदवी अडली. तो सूड म्हणून याच्या मागे लागतो. याला तांबडा रंग खपत नाही, तर मुद्दाम तांबडे कपडे घालून समोर येतो. याची नेहमीची जागा अडवून बसतो. पुढे दोघांना एक खेळ तयार करण्यासाठी एकत्र काम करावे लागते, आणि भांडणाचे रूपांतर प्रीतीत होते. दोघेही मुलगे. कथा इतकीच.

ही कथा हट्ट्यास आमच्या माडीवर कशी आली, ते सांगितले पाहिजे. कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ती याच वाटेने आली असेल, किंवा येईल. आमची नात परभणीस महाविद्यालयात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिच्या दोघी चुलत बहिणी रात्री माडीवर लॅपटॉपपुढे बसून हसताना व डोळे पुसताना सूनबाईंच्या दृष्टीस पडल्या. काय चालले आहे ते पाहून सूनबाई खाली आल्या व म्हणाल्या, “मामंजी, हे काही बरे नव्हे. तुम्हीच एकदा सांगा.” आमचे धाकटे बंधू स्वभावाने तापट. ते म्हणाले, “दादा, सांगायचे काय त्यात? वायफायच बंद करून टाकू.” आम्ही दोघांनाही म्हटले की, न पाहिलेल्या नाटकावर अभिप्राय देण्याची रीत नाही. मग नातीस बोलावून आम्ही ती मालिका पहिल्यापासून लावावयास सांगितली. इंग्रजी ओळी जेथे भराभर पळत, तेथे ती थांबवून अर्थ सांगे. तीन रात्रींत आठही भाग झाले. बंधूही दाराच्या चौकटीस टेकून उभे असत. बसत नसत, पण जातही नसत.

प्रथम जे आक्षेप आले, त्यांचा विचार करू. बंधूंचा पहिला आक्षेप असा की, हे डोळ्यांना बघवत नाही. यावर आम्ही त्यांना आपल्याच रंगभूमीची आठवण दिली. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. दोघेही पुरुष, हे थिएटरात बसलेल्या प्रत्येकास ठाऊक होते. तरी त्या प्रणयाने रसिक विरघळून गेले, आणि घरोघरच्या स्त्रिया लुगडे नेसण्याची रीत बालगंधर्वांवरून उचलीत. बंधू लगेच म्हणाले, “दादा, ते वेगळे. तेथे नट पुरुष असला तरी पात्र स्त्री होते.” हा आक्षेप रास्त आहे, व आम्ही तो मान्य केला. परंतु त्यातून एवढे तरी सिद्ध झाले की, डोळ्यांस जे खपत नाही असे आपण म्हणतो, ते डोळ्यांस पूर्वी खपले आहे. न खपणारी वस्तू डोळ्यांची नसून मनाची आहे. तेव्हा वाद मनाशी केला पाहिजे.

सूनबाईंची शंका अधिक खोल होती. मुलींनीच हे इतक्या आवडीने का पाहावे? ही शंका त्यांनी एकट्यांनी काढलेली नव्हे. या जातीच्या कथांचा उगम जपानात १९७० च्या दशकात झाला, आणि तेथे त्या लिहिणाऱ्या व चितारणाऱ्या स्त्रियाच होत्या. ताकेमिया केइको व हागिओ मोतो ही त्यांतील दोन ठळक नावे. वाचणाऱ्याही मुख्यतः मुलीच. पुढे हा प्रकार थायलंड, तैवान, कोरिया असा पसरला. आम्ही नातीस सरळच विचारले. तिने क्षणभर विचार केला व म्हणाली, “आजोबा, यात कोणाला कोणाच्या घरी नांदायला जायचे नसते ना!” या एका वाक्यावर आमच्या घरातील तिन्ही पिढ्यांच्या स्त्रिया गप्प झाल्या. आमच्या सौभाग्यवतींनी मान खाली घालून वाती वळण्याचे काम चालू ठेवले. पण त्यांच्या तोंडावर जे हसू आले, ते आम्ही पाहिले. प्रेमाच्या कथेत दोघेही समान, कोणी कोणाचे उष्टे काढणारे नाही, कोणाच्या हुंड्याची बोलणी नाहीत, ही गोष्ट मुलींना आवडावी यात नवल ते काय?

आता आमच्या शास्त्राकडे वळतो. साहित्यशास्त्रकारांनी शृंगारास रसांत अग्रस्थान दिले. पण जेथे औचित्य सुटते तेथे रस न राहता रसाभास होतो, असेही बजावले. शिंपीच्या ठिकाणी जसा रुप्याचा भास व्हावा, तसा तो रसाचा भास. बंधूंनी हाच शब्द आमच्या तोंडावर फेकला, म्हणाले, “तुमच्या साहित्यदर्पणातच पाहा.” आम्ही पाहिले. विश्वनाथाने शृंगाराभासाची ठिकाणे मोजून दिली आहेत: उपपतीविषयीची रती, मुनिपत्नी व गुरुपत्नीविषयीची रती, अनेक नायकांविषयीची रती, प्रतिनायकाची रती, हीन पात्रांची व पशुपक्ष्यांची रती, आणि दोघांपैकी एकाच्याच ठायी असणारी रती. दोन पुरुषांनी परस्परांवर केलेले प्रेम या यादीत नाही. यावरून विश्वनाथाची त्यास संमती होती, असे म्हणण्याचा अट्टाहास आम्ही करीत नाही. मौन म्हणजे संमती, हा न्याय विवाहाच्या बोलण्यांत चालत असेल, शास्त्रार्थात चालत नाही. परंतु यादीतील शेवटची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. प्रेम उभयनिष्ठ नसेल तर तो आभास होय, असे शास्त्र म्हणते. आम्हांस तिच्याशी पुढे काम आहे.

धर्मशास्त्राचीही साक्ष काढली जाते. ती पुरतीच काढावी. मनूने अकराव्या अध्यायात एका ठिकाणी पुरुषाशी केलेला संग जातिभ्रंशकर पापांत घातला आहे, आणि त्याच अध्यायात पुढे त्याच कृत्यास सचैल स्नान सांगितले आहे. पहिले तेवढे सांगावयाचे व दुसरे गिळावयाचे, हा शास्त्राशी प्रामाणिकपणा नव्हे. शिवाय ज्या अपराधास आपल्या स्मृतीने शेवटी आंघोळ सांगितली, त्यास इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानाने ३७७ व्या कलमात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. प्रौढ माणसांनी परस्परांच्या संमतीने खासगीत केलेल्या वर्तनापुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर सारले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तर ते कलमच राहिले नाही. म्हणून कायद्याच्या भीतीने बोलावयाचे दिवस संपले आहेत. आता बोलावयाचे ते आपल्या घराविषयी.

हा विषय परका आहे, कोरियातून आला, असे म्हणणाऱ्यांस मराठीचाच इतिहास ठाऊक नसतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढले व १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापून उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. पण प्रश्न विचारणारे वाचक मराठीच होते. पुढे १९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यात महाविद्यालयात शिकणारी सुमित्रा देव, जिला सर्व मित्रा म्हणतात, नमा नावाच्या मुलीवर प्रेम करते, आणि बापू नावाचा साधाभोळा मित्र ते सारे पाहतो. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. नाटकाचा शेवट मित्राच्या आत्मघातात होतो.

नंतर २००६ मध्ये मौज प्रकाशनाने सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी काढली. तिच्यावरून त्यांनीच केलेला हिंदी चित्रपट २०२२ साली आला. पुण्याचे मराठी मध्यमवर्गीय घर. वरच्या खोलीत एक तरुण भाडेकरू येतो. घरातील तनय हा मुलगा आणि अनुजा ही मुलगी, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. एके दिवशी तो निघून जातो. कादंबरीचा अर्धा भाग तनयच्या तोंडी, अर्धा अनुजाच्या. अनुजाचे दुःख घरास कळते. आरडाओरडा होतो, काळजी होते, उपाय होतात. तनयचे दुःख त्याच घरात, त्याच जेवणाच्या पानांशी बसून असते, आणि कोणास दिसत नाही. आम्ही ही कादंबरी मालिकेनंतर मागवून वाचली. कोरियन मुलांनी आम्हांस हसविले. या पुण्याच्या मुलाने आमची दोन रात्रींची झोप नेली.

पाहा, तीन कथांचे तीन शेवट आहेत. १९८१ साली मृत्यू, २००६ साली मौन, २०२२ साली सुख. मात्र कोरियातही समलिंगी विवाह कायद्याने होत नाही. जुलै २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडीदारास आरोग्यविम्यात आश्रित म्हणून घेण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा तीच मोठी बातमी ठरली. म्हणजे मालिकेतील सुख हे तेथल्याही जगण्याच्या पुढे धावणारे आहे. त्यास कोणी खोटे म्हणेल. पण शाकुंतलातील पुनर्मीलन तरी कोणत्या संसारात होते? दुःख भोगणाऱ्यास निदान कथेत तरी किनारा दाखवावा, हे कवीचे जुनेच काम आहे.

हा सर्व विचार आम्ही माडीवरच करून सोडून दिला असता. परंतु तो ओसरीवर आला. आमच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी, ज्याचे गाव व कूळ आम्ही सांगणार नाही, पुण्यास चांगल्या नोकरीवर आहे. वय तिशीच्या आसपास. हळद शिजविण्याच्या दिवसांत तो भेटीस आला. गावाबाहेर कढया लागलेल्या, हवेत तो उग्र वास. बराच वेळ तो पिकापाण्याविषयीच बोलला. मग म्हणाला, “गुरुजी, बाबांनी एक स्थळ नक्की केले आहे. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे. मी तिच्याशी जन्मभर खोटे कसे बोलू?” पुढे जे सांगावयाचे ते त्याने फार थोड्या शब्दांत सांगितले. आम्ही वडिलांशी बोलावे, एवढीच त्याची विनंती होती. स्वतः बोलण्याचे धैर्य तो तीन वर्षे गोळा करीत होता.

आम्ही गेलो. त्याचे वडील आमच्याहून थोडे लहान; वैदिक घराणे, नित्य पूजाअर्चा. त्यांनी सर्व ऐकून घेतले. प्रथम म्हणाले की, लग्न झाले म्हणजे सारे सुरळीत होते. यावर आम्ही त्यांना याज्ञवल्क्याची आठवण दिली. वराची परीक्षा यत्नपूर्वक करावी, असे त्याने सांगितले आहे, ते कोणासाठी? कन्येसाठी. तिची फसवणूक होऊ नये म्हणून. जो मुलगा आपण होऊन सांगतो की, मी हिला पत्नीचे सुख देऊ शकणार नाही, त्याने ती परीक्षा स्वतःच देऊन टाकली. त्यानंतरही अक्षता टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकीस जाणूनबुजून विहिरीत लोटणे होय. वर सांगितलेली विश्वनाथाची शेवटची बाब येथे उपयोगी पडते. एकाच बाजूचे प्रेम हा आभास. त्या दोन कोरियन मुलांत तो नव्हता; दोघांची प्रीती उभयनिष्ठ होती. तो आभास या मांडवात मात्र खात्रीने होता, सनई-चौघड्यासह.

ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आमच्या सर्व घरांचा आहे. “मग गुरुजी, आमचे श्राद्ध कोण करणार?” आम्ही म्हटले, “तोच करील. श्राद्धास मौंजी लागते, लग्न लागत नाही. आणि मौंज तुम्ही थाटात केलेली आहे.” नैष्ठिक ब्रह्मचाऱ्यास आमच्या शास्त्राने कधी कुलबुडव्या म्हटले नाही; वंशासाठी पुतणे असतात, दत्तक असतो. हे त्यांना पटले की नाही, सांगता येत नाही. पण आतून त्याची आई आली. तिने शास्त्र विचारले नाही. ती म्हणाली, “ते सगळे खरे, पण म्हातारपणी त्याला पाण्याचा पेला कोण देईल?”

या प्रश्नास आमच्या पोतडीत वचन नव्हते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारून तो विषय संसदेकडे सोपविला. तेव्हा त्या मुलास कोणी सोबती मिळाला तरी कायद्याने तो त्याचा कोणी लागत नाही. आम्ही त्या माउलीस एवढेच म्हणालो की, “वहिनी, आज त्याला पेला तुम्ही द्या. उद्याचा पेला कोण देईल, हे आज घर त्याच्याशी कसे वागते यावर ठरेल.” ते स्थळ मोडले. मुलीकडच्यांस कारण सांगितले नाही, क्षमा मात्र मागितली. मुलगा सणावारी घरी येतो व पंक्तीस बसतो. वडील त्याच्याशी मोजकेच बोलतात, पण त्याचे पान आपल्या शेजारी मांडावयास सांगतात. याहून अधिक काही झाले, असे सांगून आम्ही कथा गोड करीत नाही.

एकत्र कुटुंबाची थोरवी आम्ही सर्वजण सांगतो. त्या थोरवीचा खरा पुरावा कर्त्या-सवरत्यांच्या सुखात नसतो. ज्याचे जगात कोठे जमत नाही त्यास येथे कोपरा मिळतो, यात असतो. बालविधवा आत्या, अर्धवट चुलते, लग्न न झालेले मामा, घर सोडून परत आलेला थोरला, या सर्वांस आमच्या वाड्यांनी जागा दिली. कधी प्रेमाने, कधी कुरकुरत, पण दिली. तशीच जागा या मुलांस, आणि मित्रासारख्या मुलींसही, आहे किंवा नाही, हे प्रत्येक घराने आपापल्या देवघरापुढे बसून ठरवावे. ती नसेल, तर लेकरे खोटे बोलतील, दुसऱ्यांच्या लेकी त्या खोट्यात होरपळतील, किंवा तेंडुलकरांच्या नाटकाचा शेवट आपल्याच घरी होईल.

तर्कशास्त्रात योग्यतेची व्याख्या ‘अर्थाचा बाध नसणे’ अशी आहे. बाध ठरतो तो प्रमाणाने. ऐकणाऱ्याच्या सवयीने नव्हे. अग्नीने शिंपडता येत नाही, हे आपण प्रत्यक्ष पाहिले आहे म्हणून ते वाक्य अयोग्य. ‘एका मुलाचे दुसऱ्या मुलावर प्रेम आहे’ या वाक्यास बाध आणणारे प्रमाण आम्ही शोधले, सापडले नाही. उलट ज्याने ते वाक्य आपल्या ओसरीवर बसून, डोळे खाली ठेवून उच्चारले, तोच त्याचे प्रत्यक्ष प्रमाण होता. दोष वाक्यात नसून आमच्या कानांच्या सवयीत आहे, असे आम्ही बंधूंस सांगितले. त्यांचे समाधान झालेले नाही. माघी पौर्णिमेपर्यंत वाद चालेल असे दिसते. वायफाय मात्र चालू आहे.